मागच्या बैठकीचा पट्टा

जुनी मोटार विकत घेणारे लोक निराळे आणि जुनी मोटार सांभाळणारे लोक निराळे. पहिल्यांना हौस असते, दुसऱ्यांना आठवण असते. बेळगाव-खानापूरच्या बाजूस किंवा गोव्याच्या खेड्यांतून आजही एखाद्या घराच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली अँबॅसडर वा फियाट दृष्टीस पडते, ती बहुधा या दुसऱ्या लोकांची. घरातल्या तीन लग्नांचे नवरा-नवरी तिच्यातूनच चर्चपर्यंत गेलेले असतात. कोणा बाळंतिणीला तिने भर पावसात इस्पितळात पोचविलेले असते. आणि ती विकण्याची गोष्ट कोणी काढली, तर भंगारवाला तिचा भाव वजनावर करतो व घरातले वडीलधारे माणूस दोन दिवस कोणाशी बोलत नाही. अशा गाड्यांविषयी या सदरात कधी तरी लिहा, असे काही वाचकांनी सुचविले होते. आज आम्ही त्यांतील दोनच गोष्टी घेत आहोत: मागे बसणाऱ्यांचा पट्टा, आणि तो पट्टा ज्या पत्र्याला बांधावयाचा तो पत्रा. वरवर पाहता हे दोन विषय आहेत. वस्तुतः तो एकच आहे, हे पुढे दिसून येईल.

अँबॅसडर ही मुळात इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची तिसरी आवृत्ती. हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ साली कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे घडविण्यास आरंभ केला आणि २०१४ च्या मे महिन्यात ते काम थांबले. फियाटचे कुळ इटलीचे, पण ती वाढली मुंबईच्या कुर्ल्यात. तिची पुढे 'पद्मिनी' झाली, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही दिसेनाशी झाली. ज्या काळी या गाड्यांचा आराखडा झाला, त्या काळी मागच्या बैठकीवरील माणसाला बांधून ठेवावे ही कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती. तीन टोकांचा जो पट्टा आज आपण पाहतो, तो स्वीडनमधील व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये आणला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखान्यांना खुले ठेवले. तरीसुद्धा खुद्द ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांना मागे पट्टे असलेच पाहिजेत हा नियम यावयास १९८७ साल उजाडले. मागे बसणाऱ्या मुलांनी तो लावण्याची सक्ती १९८९ मध्ये झाली, मोठ्या माणसांनी लावण्याची १९९१ मध्ये. सांगण्याचा हेतू इतकाच की, आपल्या पडवीतील गाडीत मागे पट्टा नाही हा त्या गाडीचा दोष नव्हे. तिच्या जन्मकाळी जगाला जेवढे कळत होते, तेवढेच तिच्यात आहे.

मागची बैठक म्हणजे सुरक्षित जागा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. म्हणूनच मुले मागे, म्हातारी माणसे मागे, पाहुणे मागे. या समजुतीचे थोडे गणित करून पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एखाद्या कठीण वस्तूवर आदळली, तर आतील न बांधलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातच राहतो. हा वेग म्हणजे तीन मजल्यांच्या उंचीवरून खाली पडणाऱ्या माणसाचा वेग होय. त्याला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवावयाचे तर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट बळ लागते. साठ किलोच्या बाईला थोपविण्यास बाराशे किलोंचे बळ, आणि वीस किलोच्या मुलाला चारशे किलोंचे. आईने मूल मांडीवर घट्ट धरले आहे, या वाक्याला अशा वेळी काही अर्थ उरत नाही. चारशे किलो कोणत्याही आईच्या हातांना धरता येणार नाहीत. शिवाय मागचा माणूस एकटाच जखमी होत नाही. तो पुढच्या बैठकीवर आदळतो, आणि पुढचा माणूस आपला पट्टा लावूनही त्याच्या भाराखाली चेंगरतो.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे दगावलेल्यांची सरकारी संख्या १६,७१५ आहे, आणि त्यांतील ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले दोघे गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. ती गाडी नवी व भारी किमतीची होती आणि तिच्यात मागे पट्टे होते. आपल्या जुन्या गाड्यांत तर ते नाहीतच.

आता ज्या घरामुळे हा लेख लिहिण्याचे निश्चित केले त्या घराविषयी. नाव सांगण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्यातील हे एक कुटुंब. आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि तीन नातवंडे. गाडी १९७८ सालची अँबॅसडर, दुधाच्या रंगाची. आजोबांनी तिला आपल्या हाताने धुतले-पुसले आहे. पण मध्यंतरी गाडी मुलाच्या हाती आली, तेव्हा त्याचे वय संगीताचे होते. त्याने मागच्या काचेखालील फळीवर गाणी ऐकण्याचे दोन लांबट कर्णे बसविले. बाजारात त्यांना 'सहा बाय नऊ' म्हणतात. ते बसविण्यासाठी वरची पुठ्ठ्याची फळीच नव्हे, तर तिच्या खालचा पत्राही छिन्नीने कापला गेला. कर्णे पुढे बिघडले आणि निघाले. भोके राहिली, व त्यांवर जाजम आले. मागच्या बैठकीखालील जमिनीला गंज लागला होता. तेथे कोणा कारागिराने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून वर डांबर फासले होते. हे सर्व जाजमाखाली, म्हणजे कोणाच्या दृष्टीस न पडणारे.

२०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा हे कुटुंब चोर्ला घाटाने तिकडे निघाले. घाटात एका वळणावर म्हैस आडवी आली. मुलाने गाडी वेळेवर थांबविली. म्हशीला धक्काही लागला नाही. परंतु मागे बसलेली पाच वर्षांची नात पुढच्या बैठकीच्या कडेवर तोंडाने आपटली आणि ओठाला दोन टाके पडले. म्हणजे हा अपघात नव्हेच. हा नुसता ब्रेक होता.

घरी आल्यावर सूनबाईंनी सासऱ्यांना शांतपणे सांगितले, “मामा, गाडी तुमची, पण पोरं माझी. मागे पट्टे बसेपर्यंत मी त्यांना घेऊन या गाडीत बसणार नाही.” आजोबा ही तक्रार घेऊन आमच्याकडे आले. “फादर, चाळीस वर्षं मी तिला जपली,” ते म्हणाले, “आणि आता तिच्या अंगाला भोकं पाडायची?” आम्ही म्हटले, “बाबा, भोकं तुमच्या चिरंजिवांनी आधीच पाडली आहेत, आणि तीही गाण्यासाठी.” त्यावर ते काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “ती कधी दाखवलीच नाहीत त्यानं मला.”

दरम्यान मुलाने घाई केली होती. शहरातील एका सामानविक्रेत्याने अर्ध्या तासात मागे पट्टे बसवून दिले: वरची टोके त्याच कापलेल्या फळीला, खालची टोके त्याच डांबर फासलेल्या जमिनीला, आणि पत्र्यामागे आधार म्हणून रुपयाच्या नाण्याएवढे वॉशर. पट्टे नवे, काळे, दिसावयास उत्तम. खानापूरच्या ज्या मिस्त्रींकडे ही गाडी नेहमी जाते, त्यांनी एक पाय बैठकीला लावून पट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा फळीचा पत्रा पत्रावळीसारखा वाकून वर आला. मिस्त्री आम्हांला म्हणाले, “फादर, पट्टा चांगला आहे, बोल्टही चांगला आहे. फक्त त्याच्यामागे गाडी नाही.”

या विषयावर आम्ही जे काही वाचले व ऐकले, त्यांत याहून नेमके वाक्य आम्हांला आढळले नाही. ट्रकला खाली स्वतंत्र लोखंडी चौकट असते. अँबॅसडर किंवा फियाट यांना ती नसते. पत्र्याचे अंग हीच त्यांची चौकट. एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पत्रे वाकवून, दुमडून व एकमेकांस जोडून जी पेटी होते, तीच सर्व भार पेलते. बैठकीखालची जमीन, चाकांवरील कमानी, काचेखालची फळी, बाजूचे खांब हे सर्व परस्परांना धरून असतात. कागदाची बंद पेटी दाबून पाहावी आणि मग तिला एक खिडकी कापून पुन्हा दाबावी, म्हणजे हे कोणाही मुलाला कळेल. कर्ण्यासाठी कापलेला पत्रा हा केवळ एक भोक नसतो. भोवतालच्या पत्र्यालाही तो दुबळा करून जातो. त्यातही भोक छिन्नीने काढलेले, कोपरे तीक्ष्ण राहिलेले असले, तर त्या कोपऱ्यातून गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू चीर पुढे सरकत जाते.

पट्टा जेथे आवळावयाचा त्या जागेची परीक्षा कशी घेतात, हे सांगितले म्हणजे वॉशरचा फोलपणा उमगेल. संयुक्त राष्ट्रांच्या १४ क्रमांकाच्या मोटार-नियमानुसार प्रवासी गाडीतील तीन टोकांच्या पट्ट्यासाठी खांद्याच्या भागाला १,३५० आणि कमरेच्या भागाला १,३५० डेका-न्यूटन अशी ओढ एकाच वेळी दिली जाते. म्हणजे ढोबळ मानाने प्रत्येकी पावणेचौदाशे किलो. नुसता कमरेचा पट्टा असेल तर ती ओढ २,२२५ डेका-न्यूटन, जवळजवळ पावणेतेवीसशे किलो. ही ओढ सुटी भोके पडलेल्या एक मिलिमीटरच्या पत्र्याने कशी सोसावी? बोल्ट तुटणार नाही. बोल्ट आपल्याबरोबर पत्र्याचा तुकडा घेऊन बाहेर येईल. आणि वाईट हे की, तोवर आई मुलाला पट्टा लावून निश्चिंत झालेली असेल. पट्टाच नसता तर तिने निदान वेग कमी ठेवावयास सांगितले असते.

ब्रिटनमधील वार्षिक तपासणीत या बाबतीत एक सोपा दंडक आहे. पट्ट्याच्या प्रत्येक बोल्टापासून ३० सेंटीमीटरच्या आत गाडीचा भार वाहणारा पत्रा गंजलेला, फाटलेला किंवा कच्चा जोडलेला असेल, तर गाडी नापास. आपल्याकडे असा दंडक कोणी लावत नाही. पण शाळेची फूटपट्टी ३० सेंटीमीटरचीच असते. आमचे वाचक ती घेऊन जाजम उचलून पाहू शकतात.

मिस्त्रींनी काय केले, ते थोड्या तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण या कामात खरे कसब येथेच आहे आणि फसवणूकही येथेच होते. प्रथम त्यांनी बॅटरी सोडविली, मागील पेट्रोलची टाकी पूर्ण काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, आणि बैठक, जाजम, छताचे कापड यांतील जळण्यासारखे जे जे होते ते बाहेर काढले. ‘टाकी रिकामी आहे’ या भरवशावर कोणी वेल्डिंग करू लागला, तर त्याला तेथेच थांबवावे. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते, आणि वाफ ही पेट्रोलाहून अधिक भडक.

मग रंग, डांबर व जुनी पुट्टी खरवडून पत्रा उघडा केला. जमिनीला लावलेला तेलाच्या डब्याचा पत्रा ओढताच हातात आला. गंज जेथे दिसतो तेथे तो संपत नसतो. म्हणून चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जावे लागते, आणि दोन बोटांएवढे भोक पंज्याएवढे होते. अशा वेळी मालकाचा जीव खाली-वर होतो. आजोबा बाजूला स्टुलावर बसून हे पाहत होते. शेवटी ते उठून बाहेर विडी ओढावयास गेले.

आता पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्यावरून भोकाच्या मापाचा नवा तुकडा काढावयाचा. तो मूळ पत्र्याच्याच जाडीचा हवा. पातळ तुकडा उपयोगाचा नाही, आणि फार जाड तुकडाही शहाणपणाचा नाही, कारण मग सारा ताण त्याच्या कडेवर येतो व जुना पत्रा तेथे फाटतो. तुकड्याचे कोपरे गोल ठेवावे. जेथे चीर पुढे गेलेली असेल, तेथे चिरेच्या अगदी टोकाला एक बारीक छिद्र पाडून ती आधी थांबवावी आणि मग भरावी. जोड देताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग करीत गेल्यास उष्णतेने पत्रा लाटांसारखा वर-खाली होतो. म्हणून येथे एक टाका, समोर एक टाका, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि मध्ये पत्रा निवू द्यावयाचा. असे करीत शेवटी सर्व टाके एकमेकांस मिळून शिवण सलग झाली पाहिजे. आमच्या गावच्या शिंपीणबाई गोधडीला आधी धावदोरा घालतात, त्याच न्यायाने. पातळ पत्र्याला गॅसच्या ज्वाळेपेक्षा तारेचे वेल्डिंग बरे, असे मिस्त्रींचे मत पडले, आणि ते योग्यच आहे. पितळ वितळवून केलेला जोड दिसावयास सुबक असतो, पण भार वाहणाऱ्या जागी तो स्वीकारू नये. फायबरचे कापड आणि पुट्टी यांना तर येथे प्रवेशच नाही. पुट्टी ही रंगाखालचा पृष्ठभाग सारखा करण्यासाठी आहे. तिने भोक बुजते; भोक भरत नाही.

या सर्वांमुळे कापणे ही गोष्टच वाईट, असे मात्र समजू नये. १९४८ साली बाजारात आलेली मॉरिस मायनर ही प्रसिद्ध गाडी आखणाऱ्या ॲलेक इसिगोनिस यांना, नमुना तयार झाल्यावर, ती फार अरुंद वाटली. त्यांनी तो नमुना मधोमध उभा कापविला, दोन्ही अर्धे डोळ्यांना बरे वाटेपर्यंत दूर सरकविले, आणि गाडी चार इंच रुंद केली. बंपर आधीच बनून पडलेले असल्यामुळे पहिल्या गाड्यांचे बंपरही कापून मध्ये चार इंचांची पट्टी जोडावी लागली. तेव्हा कापण्याला दोष नाही. कापून झाकून ठेवण्याला आहे.

जोड पुरा झाल्यावर तो घासून त्यावर जस्ताचा अस्तर-रंग, मग शिवणीवर पाणी न शिरू देणारा लेप, आणि आतल्या पोकळ भागात पातळ मेण सोडावे लागते. आपल्याकडे वर्षाचे चार महिने पाऊस; वेल्डिंगची उघडी शिवण एका पावसाळ्यात तांबडी होते. ही शेवटची कामे पैशाने लहान आणि कंटाळवाणी असल्यामुळे ती बहुधा वगळली जातात.

एवढे झाल्यावर पट्टा. तो बसविण्याचा खास बोल्ट असतो, पाव इंचाचा बाजारी बोल्ट नव्हे; त्याची जाडी ७/१६ इंच आणि एका इंचात २० आटे. प्रत्येक बोल्टामागे पत्र्याच्या पाठीला तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी हवी. शर्यतीच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा पट्टीचे क्षेत्रफळ निदान ४० चौरस सेंटीमीटर ठरविले आहे, म्हणजे आपल्या पंजाचा साधारण निम्मा भाग. घरगुती गाडीलाही तेच माप धरण्यास हरकत नाही. मिस्त्रींनी पट्ट्यांचे कोपरे गोल करून त्या कडेने जोडून टाकल्या. खालची टोके नव्या जमिनीत, चाकाच्या कमानीजवळ, जेथे पत्र्याचे दोन पदर एकत्र येतात अशा जागी घेतली. वरची टोके फळीच्या मध्यभागी न घेता कडेला, मागच्या खांबाच्या मुळाशी.

जागा ठरविताना माणसाला बसवून पाहिले पाहिजे. कमरेचा भाग ओटीपोटावर न येता नितंबाच्या हाडांवरून गेला पाहिजे. पोटावर गेल्यास आघाताच्या वेळी तोच पट्टा आतली इजा करतो. बाजूने पाहता त्याचा कोन जमिनीशी तीस अंशांहून कमी आणि ऐंशी अंशांहून अधिक असू नये. खांद्याचे टोक खांद्याच्या उंचीच्या खाली असू नये, नाही तर ओढ बसताच खांदा खाली दाबला जाऊन मणक्यावर भार येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा मानेवर येतो. त्याच्यासाठी उंच करणारी खास बैठक मिळते. ती तीन टोकांच्या पट्ट्याबरोबरच वापरावयाची, नुसत्या कमरेच्या पट्ट्याबरोबर नव्हे. पट्टा मुलाच्या काखेखालून घेण्याची युक्ती काही माता करतात. ती करू नये.

आपोआप गुंडाळणारा पट्टा घ्यावा की हाताने आवळण्याचा, यावर त्या घरी बरीच चर्चा झाली. गुंडाळणाऱ्या पट्ट्याच्या डबीत एक छोटी यंत्रणा असते. गाडी एकदम मंदावली किंवा डबी कलली की ती अडकते. म्हणून ती डबी कारखान्याने सांगितलेल्या कोनातच बसली पाहिजे. नुसती तिरपी बसली तर पट्टा कायमचा अडकून बाहेरच येत नाही, आणि मग वैतागून लोक तो वापरणे सोडतात. हाताने आवळण्याचा पट्टा साधा, पण प्रत्येक मुलाला नीट आवळावा लागतो. सूनबाई म्हणाल्या, “आवळीन मी. शाळेच्या दप्तराचे पट्टे रोज आवळतेच आहे.” तेव्हा तोच घेतला. भंगारातल्या गाडीचे जुने पट्टे स्वस्त मिळत होते. ते घेतले नाहीत हे उत्तम केले. एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा पुन्हा तेच काम करीत नाही, आणि त्याच्याकडे पाहून ते ओळखता येत नाही.

कायद्याचा विचारही एका परिच्छेदात उरकावा. मागे पट्टे बसविलेले असतील तर तेथे बसणाऱ्यांनी ते लावलेच पाहिजेत. १ सप्टेंबर २०१९ पासून न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेल्यास तोच दंड नेणाऱ्यावर बसतो. गाडी पन्नास वर्षांची होऊन गेल्यावर २०२१ च्या नियमांखाली तिची पुराणी गाडी म्हणून नोंद करता येते. मात्र त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना ती वाट धरावयाची असेल, त्यांनी पत्र्याला हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे. चासीचा क्रमांक कोरलेला भाग तर कोणत्याही परिस्थितीत कापू वा घासू देऊ नये. आजोबांची गाडी मात्र बाजारहाटाची आहे. मूळ रूप, मूळ रूप असे ते पुष्कळ म्हणाले. पण कर्ण्यांची भोके बुजून फळी पूर्ववत झालेली पाहिली, तेव्हा तिच्यावरून हात फिरवीत “अशी होती,” एवढेच ते बोलले. पट्ट्यांची टोके त्यांना आम्ही मुद्दाम दाखविली.

काम संपल्यावर मिस्त्रींनी मागे बसून आधीसारखाच हिसका दिला. पत्रा हलला नाही. हिसका म्हणजे परीक्षा नव्हे, हे त्यांना व आम्हांलाही ठाऊक आहे. परंतु पूर्वीचे काम तेवढ्यानेही उघडे पडले होते. दर सहा महिन्यांनी बोल्ट घट्ट आहेत की नाही हे पाहावे, पावसाळ्यानंतर जाजम उचलून शिवणी तपासाव्यात, पट्ट्याची कड कोठे घासून विस्कटली असेल तर पट्टा बदलावा, आणि तो धुवावयाचा तर साध्या साबणाच्या पाण्याने, असे त्यांनी सांगितले.

एक अडचण मात्र उरली. मागे दोन्ही कडांना तीन टोकांचे पट्टे झाले, मध्ये कमरेचा एक. पुढे चालक व शेजारी यांचे दोन पूर्वीच बसविलेले होते. म्हणजे पट्टे पाच, आणि घरात माणसे सहा. इतकी वर्षे सहावा माणूस पुढच्या लांब बाकावर मध्ये किंवा कोणाच्या तरी मांडीवर मावत असे. पुढच्या फेस्ताला जुन्या गोव्याला कसे जावयाचे, याचा विचार घरात सुरू झाला तेव्हा आजोबांनी तो लगेच मिटविला. “तुम्ही पाचजण गाडीनं जा,” ते म्हणाले. “मी बसनं येतो. फक्त घाटात तिला दुसऱ्या गिअरमध्ये उतरवा.”